आभासी चलन आणि राज्याची जबाबदारी

दहा रुपयांची नोट हाती घेऊन ती लक्षपूर्वक पाहिली, तर तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी स्वाक्षरी करून दिलेले एक वचन आढळते. धारकास दहा रुपये अदा करण्याचे ते वचन होय. नोटेच्या मागील बाजूस तिचे मूल्य पंधरा भाषांत छापलेले असते. सुरतेची गुजराती, आपल्या शाळेची मराठी आणि प्रस्तुत लेखकाची मातृभाषा कोंकणी या तिन्ही भाषा त्या चिमुकल्या रकान्यात नांदत असतात. कागदाचा तो तुकडा स्वतः फारसा मोलाचा नाही. मोल आहे ते त्या वचनाचे, आणि वचन देणारा कोण हे सर्वांना ठाऊक असण्याचे.

आता असे एक चलन कल्पावे की, ज्यावर कोणाची स्वाक्षरी नाही, ज्यामागे कोणते सरकार नाही, आणि ज्याचे मूल्य घसरले अथवा जे चोरीस गेले तर दाद मागावी असे एकही दार नाही. अशी चलने आज जगात हजारोंनी आहेत. त्यांना आभासी चलन अथवा क्रिप्टो म्हणतात. त्यांवर राज्याने नियंत्रण ठेवावे काय, ठेवावयाचे तर कितपत, की त्यांवर सरसकट बंदीच घालावी, हा आजच्या अर्थकारणातील एक मोठा वाद आहे. हा वाद दूरच्या राजधान्यांत चालला आहे, आपला त्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु आपले सुरत शहर या वादाच्या अगदी मध्यभागी येऊन बसले आहे. ते कसे, आणि त्यातून नागरिकाने काय शिकावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१. हे चलन आहे तरी काय?

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. हे नाव धारण करणारी व्यक्ती कोण, ती एक की अनेक, याचा सर्वमान्य उलगडा आजवर झालेला नाही. निबंधातील कल्पना अशी की, दोन माणसांना बँकेच्या मध्यस्थीवाचून संगणकाद्वारे परस्परांस पैसे देता यावेत. ३ जानेवारी २००९ रोजी या कल्पनेप्रमाणे पहिली नोंद झाली आणि ‘बिटकॉइन’ अस्तित्वात आले.

ही योजना समजण्यास पेढीवरील खातेवहीची उपमा पुरेशी आहे. सामान्यतः खातेवही एक असते आणि ती पेढीच्या मालकापाशी असते. बिटकॉइनच्या बाबतीत त्याच वहीच्या हुबेहूब प्रती जगभरातील सहस्रावधी संगणकांवर ठेवलेल्या असतात. एखादा व्यवहार झाला की त्याची नोंद सर्व प्रतींत होते. नोंदींची पाने एकामागून एक अशी गुंफलेली असतात की, मागील पानावरील एक अंक बदलला तरी पुढील सर्व पाने चुकीची ठरतात. यामुळे खाडाखोड करणे जवळजवळ अशक्य होते. नाणी किती निघावीत यासही मर्यादा आहे. २ कोटी १० लाखांहून अधिक बिटकॉइन कधीही निर्माण होणार नाहीत, असा नियम त्या योजनेतच बांधून टाकलेला आहे.

वहीतील आपले धन खर्च करण्यासाठी प्रत्येकापाशी एक गुप्त संख्या असते. तिला किल्ली म्हणतात. किल्ली ज्याच्या हाती, धन त्याचे. ती हरवली तर धन गेले. ती कोणी धाक दाखवून काढून घेतली तरी वही तक्रार करीत नाही. कारण वहीला केवळ अंक कळतात. तो व्यवहार राजीखुषीचा होता की बळजबरीचा, हे तिला कळत नाही. विद्यार्थ्यांनी हे एक वाक्य नीट ध्यानात ठेवावे. पुढील सर्व विवेचनाचा पाया तेच आहे.

२. सुरतेचा पूर्वानुभव

सरकारी शिक्क्यावाचून चालणारे पैशाचे व्यवहार सुरतेस नवे नाहीत. मोगल अमदानीत हे पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते आणि येथे बादशाही टांकसाळ होती. सतराव्या शतकातील सुरतेचे धनाढ्य व्यापारी विरजी व्होरा यांच्याकडून इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनीदेखील कर्जे घेत असे. या व्यापाराचा मोठा भाग नाण्यांच्या थैल्या न हलवता हुंड्यांवर चाले. सुरतेच्या सराफाने लिहिलेली कागदाची एक चिठ्ठी दूरच्या शहरी सादर केली की तेथे रोकड मिळे.

तेव्हा हुंडीमागे तरी कोणते सरकार होते, असे कोणी विचारील. सरकार नव्हते हे खरे. परंतु उत्तरदायी माणूस होता. हुंडी लिहिणाऱ्याची पेढी, त्याचे घराणे, त्याची पत साऱ्या बाजारास ठाऊक असे. ‘शाहजोग’ नावाचा हुंडीचा एक प्रकार होता. तिचे पैसे वाटेल त्याला न देता केवळ एखाद्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच, म्हणजे शाहलाच, द्यावयाचे असत. हुंडी खोटी अथवा चोरीची निघाली तर त्याला जाब विचारता यावा, हा त्यातील हेतू. पुढे १८८१ साली परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हा देशी भाषांत लिहिलेल्या दस्तऐवजांबाबतच्या स्थानिक रूढींना त्याने धक्का लावला नाही. राज्याने लोकांची रूढी मोडून न काढता तिला कायद्याच्या चौकटीत जागा कशी द्यावी, याचे हे एक चांगले उदाहरण होय.

परंतु केवळ पतीवर विसंबण्याचे दुष्परिणामही याच प्रदेशाने पाहिले आहेत. प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेत झाला; त्यांची कीर्ती झाली मुंबईत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा नवनव्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीचा शेअर भरलेल्या रकमेच्या दहापट किमतीस जाऊन पोहोचला. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर शेअरांचा डोलाराही. प्रेमचंदांसह असंख्य घराणी बुडाली. बँक ऑफ बॉम्बे ही मातब्बर बँकही या धक्क्यातून सावरली नाही आणि १८६८ साली तिचे दिवाळे वाजले. प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आज मुंबई विद्यापीठाच्या आवारात त्या काळाची आठवण देत उभा आहे.

या प्रलयानंतर शेअर विकणे बेकायदेशीर झाले नाही. १८७५ साली दलालांनी आपली संघटना स्थापन केली. पुढे कायदे झाले. आणि १९९२ सालच्या मोठ्या रोखे घोटाळ्याच्या वर्षी ‘सेबी’ या संस्थेस कायद्याचे अधिकार मिळाले. म्हणजे शेअर बाजाराला नियमांची चौकट लाभण्यास शंभरांहून अधिक वर्षे आणि अनेक कुटुंबांचे संसार खर्ची पडले. आभासी चलनाच्या बाबतीत तोच मार्ग पुन्हा तितक्याच संथपणे चालावयाचा काय, हा आज विचारावयाचा प्रश्न आहे.

३. अलीकडचे सुरत प्रकरण

२०१६ साली ‘बिटकनेक्ट’ नावाची एक योजना सुरू झाली. तिचा संस्थापक सुरतेचा. लोकांनी आपले बिटकॉइन या कंपनीस द्यावेत, कंपनी विशेष संगणकीय युक्तीने त्यांवर व्यापार करील आणि भरघोस लाभ देईल, असे तिचे सांगणे होते. अमेरिकेच्या रोखे नियामकाने पुढे न्यायालयात मांडले त्यानुसार महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परतावा मिळेल असे भासविण्यात येत होते.

येथे विद्यार्थ्यांनी अंकगणिताची पाटी पुढे घ्यावी. महिन्याला ४० टक्के चक्रवाढ दराने १०,००० रुपयांचे वर्षाअखेर किती होतील? उत्तर येते ५ लाख ६६ हजार ९३९. कापडाचा व्यापार असो, हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा असो, की शेती. वर्षात एकाचे छप्पन्न करून देणारा प्रामाणिक उद्योग पृथ्वीच्या पाठीवर नाही. मग पहिल्या लोकांना पैसे मिळतात ते कोठून? मागून येणाऱ्यांच्या खिशातून. प्रत्येक जुन्या सभासदामागे दोन नवे आणावयाचे असे धरले, तर तिसाव्या फेरीस १०७ कोटींहून अधिक नवी माणसे लागतील. माणसे संपतात तेथे योजना संपते. आणि शेवटी आलेले सर्वाधिक असल्याने बुडणारेही तेच सर्वाधिक असतात.

जानेवारी २०१८ मध्ये ही योजना बंद पडली. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या आरोपपत्रानुसार जगभरातील लोकांकडून सुमारे २४० कोटी डॉलर गोळा झाले होते. एक गोष्ट येथे लक्षणीय आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या रोखे मंडळाने ४ जानेवारी २०१८ रोजी या कंपनीस तातडीचा मनाई हुकूम बजावला आणि पंधरवड्याच्या आत कंपनीने गाशा गुंडाळला. त्या मंडळापाशी आभासी चलनाचा निराळा कायदा नव्हता. नोंदणी न करता लोकांकडून गुंतवणूक घेऊ नये, एवढा जुनाच नियम त्याने लागू केला. भारतात अंमलबजावणी संचालनालयाने याच प्रकरणी फेब्रुवारी २०२५ मध्ये १,६४६ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले. मधे सात वर्षे उलटून गेली होती.

परंतु प्रकरण येथे थांबले नाही. योजना कोसळल्यावर तिच्यातील धनाच्या किल्ल्यांसाठी माणसांचा पाठलाग सुरू झाला. २०१८ च्या आरंभी सुरतेच्या एका बांधकाम व्यावसायिकास पकडून नेऊन, डांबून ठेवून त्याच्याकडील बिटकॉइन बळजबरीने काढून घेण्यात आले. आणि हे कृत्य कोणा दरोडेखोरांचे नसून पोलिसांचे होते. २९ ऑगस्ट २०२५ रोजी अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने या खटल्यात चौदा जणांस जन्मठेप सुनावली. त्यांत अमरेली जिल्ह्याचे तत्कालीन पोलीस अधीक्षक आणि एक माजी आमदार यांचा समावेश होता. दुसरी बाजू अशी की, ज्याच्यावर हा अन्याय झाला त्या तक्रारदारावरही अशाच प्रकारे बिटकनेक्टच्या माणसांना पळवून नेऊन त्यांच्याकडून बिटकॉइन उकळल्याचा आरोप आहे. २०२४ साली अंमलबजावणी संचालनालयाने त्याला अटक केली.

महाराष्ट्रातही याहून फार निराळे घडले नाही. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेने दरमहा १० टक्के याप्रमाणे अठरा महिने परतावा देण्याचे आमिष दाखविले. पुणे पोलिसांनी २०१८ साली तिच्या सूत्रधारास अटक केली. त्या तपासात साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या दोघा तज्ज्ञांनाच, जप्त करावयाच्या चलनाचा अपहार केल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये त्याच पोलिसांनी अटक केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने या योजनेविरुद्धचे ठिकठिकाणचे गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले.

या दोन्ही प्रकरणांत कोणी ती खातेवही फोडली नव्हती. वही अखेरपर्यंत शुद्ध राहिली. वहीभोवतीची माणसे मात्र अशुद्ध निघाली. म्हणूनच नियंत्रणाचा प्रश्न केवळ यंत्राचा ठरत नाही. तो मुख्यतः माणसांच्या वर्तनाचा आणि त्यांना जाब विचारणाऱ्या व्यवस्थेचा ठरतो.

४. वादातील तीन पक्ष

पहिला पक्ष बंदीचा. देशाचे चलन काढणे हा सार्वभौम राज्याचा अधिकार आहे, असे तो मानतो. १८६१ च्या कायद्याने हिंदुस्थानात नोटा काढण्याचा अधिकार खासगी बँकांकडून सरकारने आपल्याकडे घेतला. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि तो अधिकार पुढे तिच्याकडे आला. कोणाचीही जबाबदारी नसलेले चलन बोकाळले, तर व्याजदर व महागाई यांवरील लगाम मध्यवर्ती बँकेच्या हातून सुटेल. शिवाय काळ्या पैशास परदेशी जाण्यास नवी वाट मिळेल, अशी या पक्षास भीती वाटते. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजीच लोकांना पहिली सावधगिरीची सूचना दिली होती. २०१९ साली सरकारी समितीनेही खासगी आभासी चलनांवर बंदीची शिफारस केली. या पक्षाचा आणखी एक युक्तिवाद विशेष विचारार्ह आहे. तो म्हणतो, तुम्ही नियम केलेत की लोक समजतील, सरकारने यावर पसंतीचा शिक्का मारला; आणि मग आजवर बिचकणारेही त्यात उडी घेतील.

दुसरा पक्ष मोकळीकीचा. राज्यही आपले वचन मोडते, असे त्याचे म्हणणे. राज्याच्या एका आदेशाने चलन बदलते, हे इतिहासाने वारंवार दाखविले आहे. गोमंतकात पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत रुपिया जाऊन एस्कुदो आला आणि १९६१ च्या मुक्तीनंतर एस्कुदो जाऊन भारतीय रुपया आला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटांचे काय झाले, हे सुरतेच्या बाजारपेठेस निराळे सांगावयास नको. जेथे सरकार बेजबाबदारपणे नोटा छापते, तेथे नागरिकाने आपली बचत अशा चलनात ठेवली तर बिघडले कोठे? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु सुरतेच्या प्रकरणात डांबलेल्या माणसालाही अखेर पोलीस खात्याच्या गुन्हे शाखेकडे आणि न्यायालयाकडेच धाव घ्यावी लागली, ही गोष्ट या पक्षाने विसरू नये. राज्य नको म्हणणाऱ्यालाही संकटाच्या वेळी राज्यच हवे असते.

तिसरा पक्ष नियंत्रणाचा. बंदी घालून वही बंद पडत नाही, कारण ती एका जागी नाहीच. व्यवहार चोरवाटेने चालू राहतात. चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये असे सर्व व्यवहार बेकायदेशीर ठरविले, तरी जगात ते थांबले नाहीत. म्हणून वहीस हात न लावता, जेथे रुपये देऊन हे चलन विकत घेतले जाते त्या दुकानांवर, म्हणजे विनिमय केंद्रांवर, नियम बसवावेत, असे हा पक्ष सुचवितो.

५. आपल्या देशातील वाटचाल

६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना या व्यवहारांशी संबंध तोडण्यास फर्मावले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. न्यायालयाचे तर्कशास्त्र अभ्यासण्याजोगे आहे. रिझर्व्ह बँकेस अधिकार नाही, असे त्याने म्हटले नाही. अधिकार आहे, परंतु योजलेला उपाय अपायाच्या प्रमाणात हवा, आणि या व्यवहारांमुळे बँकांचे प्रत्यक्ष काय नुकसान झाले हे दाखविलेले नाही, असा त्याचा आशय होता.

यानंतर २०२२ च्या अर्थसंकल्पाने या चलनांना ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नाव देऊन त्यांच्या लाभावर ३० टक्के कर बसविला. एकीकडचा तोटा दुसरीकडच्या लाभातून वजा करण्यास मनाई केली. एका चलनात १,००० रुपये मिळाले आणि दुसऱ्यात १,००० गेले, तर पदरात शून्य; तरीही कर ३०० रुपये. विक्रीच्या वेळी १ टक्का कर कापून घेण्याची तरतूदही त्याच वर्षी आली. ७ मार्च २०२३ रोजी विनिमय केंद्रांना काळ्या पैशास आळा घालणाऱ्या कायद्याच्या कक्षेत आणले गेले. गिऱ्हाइकाची ओळख पटविणे आणि संशयास्पद व्यवहार कळविणे त्यांना बंधनकारक झाले. याशिवाय रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी स्वतःचा डिजिटल रुपया प्रायोगिक रूपात आणला. तो संगणकीय असला तरी त्यामागे नोटेप्रमाणेच मध्यवर्ती बँकेचे वचन आहे.

या पायऱ्या नीट पाहिल्या तर एक विसंगती नजरेत भरते. राज्याने कर घेतला. राज्याने काळ्या पैशावर नजर ठेवली. या दोहोंत राज्याचे हित राखले गेले. परंतु गिऱ्हाइकाचे धन विनिमय केंद्राने निराळे राखून ठेवावे, ते बुडाले तर अमुक ठिकाणी दाद मागावी, असे ग्राहकाचे हित पाहणारा स्वतंत्र आणि सर्वंकष कायदा मात्र या पायऱ्यांत कोठेच नाही. मे २०२५ मध्ये सुरतेच्या त्याच प्रकरणातील जामीन अर्ज सुनावणीस आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यवहारांची तुलना हवालाशी केली आणि सरकार या विषयी स्पष्ट धोरण का आखत नाही, असा प्रश्न केला. एका शहरातील गुन्ह्याने देशाच्या धोरणास जाब विचारावयास लावले, ते असे.

६. दोन देश, दोन अनुभव

नियंत्रणाने नेमका काय फरक पडतो, हे तुलनेने चटकन उमगते. २०१४ साली तोक्योतील एका मोठ्या विनिमय केंद्राचे दिवाळे निघाले. त्यापासून धडा घेऊन जपानने २०१७ पासून अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, आणि ग्राहकांचे धन केंद्राच्या स्वतःच्या धनात मिसळू नये असे नियम हळूहळू कडक केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘एफटीएक्स’ हे अवाढव्य विनिमय केंद्र कोसळले आणि जगभरातील ग्राहक हवालदिल झाले. परंतु त्याच्या जपानी शाखेतील ग्राहकांना फेब्रुवारी २०२३ पासून आपले धन परत काढता येऊ लागले. कारण ते निराळे राखलेले होते.

भारतात १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या विनिमय केंद्रातून २३ कोटी डॉलरांहून अधिक किमतीचे चलन चोरट्यांनी लांबविले. ग्राहकांचे व्यवहार गोठले आणि त्यांना आपल्या धनाच्या पुनर्रचनेची योजना सिंगापूरच्या न्यायालयात ठरताना पाहावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आभासी चलन ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता आहे असा निर्णय देऊन एका ग्राहकास संरक्षण दिले. न्यायालयाचे हे कार्य स्तुत्य होय. परंतु प्रत्येक ग्राहकाला उच्च न्यायालयाची पायरी चढणे कसे परवडावे? जे नियमाने सर्वांस मिळावयाचे, ते खटल्याने एखाद्यालाच मिळते.

बंदीच्या उलट टोकास गेलेल्या देशाचा अनुभवही बोधप्रद आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलनाचा दर्जा देऊन व्यापाऱ्यांना तो स्वीकारण्याची सक्ती केली. जानेवारी २०२५ मध्ये त्या देशाने कायदा बदलून ती सक्ती काढून टाकली. युरोपीय संघाने मधला मार्ग पत्करला. त्याचा या विषयावरील सर्वंकष कायदा ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. हे चलन देशांच्या सीमा मानीत नसल्याने एकट्या देशाचे नियम तोकडे पडतात, असे आपले सरकार सांगत आले आहे, आणि २०२३ साली दिल्लीत भरलेल्या जी-२० परिषदेत भारताने हा प्रश्न आग्रहाने मांडला. हे म्हणणे खरे आहे. परंतु जपानने आपल्या ग्राहकांचे रक्षण करण्यास साऱ्या जगाच्या संमतीची वाट पाहिली नाही, हेही तितकेच खरे आहे.

७. निष्कर्ष

या सर्व विवेचनावरून प्रस्तुत लेखकास नियंत्रणाचा पक्ष सयुक्तिक वाटतो. ‘नियम केले की सरकारी पसंतीचा शिक्का बसेल’ या आक्षेपास उत्तर आपल्या बाजारातच आहे. वजने-मापे तपासणारा निरीक्षक सराफाचा तराजू पाहतो. तराजू खरा आहे, एवढीच त्याची ग्वाही. उद्या सोन्याचा भाव वाढेल, असे तो कधी सांगत नाही, आणि लोकही तसे समजत नाहीत. त्याप्रमाणे राज्याने चलनाच्या किमतीची हमी घेऊ नये. दुकानाच्या तराजूची मात्र घ्यावी. ग्राहकाचे धन निराळे ठेवले आहे काय, हिशेब तपासले जातात काय, खोटी जाहिरात केली जाते काय, आणि तक्रार ऐकणारा अधिकारी कोण, एवढ्या चार गोष्टी कायद्याने निश्चित झाल्या तरी पुष्कळ साधेल. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आपल्यापाशी आहेच. टेक्सासप्रमाणे असे कायदे वेळेवर वापरण्याची तत्परता हवी.

तथापि सुरतेच्या प्रकरणाने शिकविलेला सर्वांत कठीण धडा निराळाच आहे. तेथे नियम पाळावयास लावणारेच लुटारू झाले होते. म्हणून नियंत्रण करणाऱ्यावरही नियंत्रण हवे. जप्त केलेल्या चलनाची किल्ली कोणाच्या ताब्यात राहील, ती कोणाच्या समक्ष घेतली जाईल, तिची नोंद न्यायालयापाशी त्याच दिवशी जाईल की नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. गुन्हा २०१८ चा आणि निकाल २०२५ चा. विलंब मोठा झाला. परंतु पोलीस अधीक्षकाच्या पदावरील माणसासही कायद्यापुढे उभे राहावे लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. संगणकावरील वही हे करू शकली नसती.

अखेरीस आपल्या घराविषयी दोन शब्द. या शहरात आपली अनेक कुटुंबे यंत्रमागावर, भरतकामाच्या यंत्रांवर आणि कापडबाजारात राबतात. त्यांची बचत ही रात्रपाळ्यांची बचत आहे. ती दुप्पट-तिप्पट करून देतो असे सांगणारा बहुधा परका नसतो; तो ओळखीचा, गावाकडचा, नात्यातलाही असतो आणि पुष्कळदा तो स्वतःही फसलेलाच असतो. अशा वेळी मुलांनी पाटीवर चक्रवाढीचे गणित मांडून वडीलधाऱ्यांस दाखवावे; यात उद्धटपणा नाही, कर्तव्य आहे. आणि कोणत्याही योजनेबाबत एकच प्रश्न विचारावा : पैसे बुडाले तर उत्तर द्यावयास कोण बांधलेला आहे, आणि तो कोठे सापडेल? दहा रुपयांच्या नोटेवर या प्रश्नाचे उत्तर छापलेले असते. ज्या योजनेपाशी ते नाही, तिच्यापाशी आपली शिल्लक ठेवू नये.

विचारार्थ प्रश्न

१. हुंडी आणि बिटकॉइन यांत साम्य कोणते व भेद कोणता? ‘उत्तरदायित्व’ हा शब्द योजून लिहा.

२. दरमहा १० टक्के चक्रवाढ दराने १,००० रुपयांचे बारा महिन्यांनी किती होतील? बँकेच्या ठेवीवरील आजच्या व्याजदराशी हे उत्तर ताडून पाहा.

३. ‘उपाय अपायाच्या प्रमाणात असावा’ हे तत्त्व शाळेतील एखाद्या नियमास लावून दाखवा.

४. ‘आभासी चलनावर सरसकट बंदी असावी’ या विषयावर वर्गात वादसभा भरवा. आपणास न पटणाऱ्या बाजूने बोलण्याचा प्रयत्न करा.